एकोणिसावं नाव

९ फेब्रुवारी

प्रिय बारकीस,

अकरा वर्षांनी माझं अक्षर बघून तू पाकीट चार वेळा उलटसुलट करशील, हे मला इथं बसून दिसतंय. घाबरू नकोस, इथं सगळं ठीक आहे. 'बारकी' लिहिताना मलाच हसू आलं. पंचेचाळीस झाली असतील तुला, पण या घरात तुला दुसरं नाव कधी पडलंच नाही, त्याला मी तरी काय करू?

मुद्द्याचं लिहिते. दुकानात एक मोठं काम अडकून पडलंय. गेल्या ऑक्टोबरात आमच्या नदीत होडी उलटली, ते तू पेपरात वाचलं असशील. बुडालेल्यांच्या नावांची पाटी धक्क्यावर बसवायची आहे. पितळेचा पत्रा, दोन फूट बाय तीन. मागे सागाची फळी, फळीच्या कडेनं लाटांची नक्षी. नावं तुझ्या भावानं कोरून ठेवली आहेत, लाटाही झाल्यात. रंग भरायचा आणि पॉलिश करायचं तेवढं राहिलंय. हे सध्या जरा आजारी आहेत, अंगात कणकण असते, बसवत नाही. स्मारकाच्या समितीनं सहा एप्रिल तारीख धरली आहे. म्हणून म्हटलं, आपणच करून टाकावं.

पण वीस वर्षं दारात बसून काम पाहणं वेगळं आणि त्यात हात घालणं वेगळं. परवा एका जुन्या तुकड्यावर करून पाहिलं. रंग खाचेत सोडून सगळीकडे बसला. पुसायला गेले तर खाचेतलाही फडक्याबरोबर निघून आला. माझ्या कोपरापर्यंत काळं आणि अक्षरं कोरडी ठणठणीत!

तुझ्याशिवाय कुणाला विचारू? ह्यांना न सांगता लिहिते आहे. रागावली असशील तर राग पत्रातच काढ, पण रंग कसा भरायचा तेवढं कळव.

तुझी,
वहिनी

*

१४ फेब्रुवारी

सौ. वहिनींस नमस्कार.

पत्र पोचलं. 'ह्यांना न सांगता' हे वाचून मात्र करमणूक झाली. दादा शेजारी बसून सांगतोय आणि तुम्ही लिहिताय, असं चित्र डोळ्यांपुढे आलं. त्याला आठवण करून द्या. दुकान सोडलं त्या दिवशी मी कोरणी माझ्याही हातात दे म्हणाले होते, तेव्हा भरल्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर तो काय बोलला होता? 'ही नुसती पुसापुशी करते. कोरायला डोकं लागतं.' आता पुसापुशीवाचूनच घोडं अडलं ना?

तरी सांगते. काम बिघडलेलं मला बघवत नाही, मग ते कुणाचंही असो.

आधी खाचा धुवा. कोमट पाणी, सोडा, दात घासायचा जुना ब्रश. कोरताना लागलेलं तेल आत राहिलं तर वर्षभरात रंगाचे पापुद्रे निघतात. मग पत्रा उन्हात ठेवून कोमट होऊ द्या. काळं एनॅमल घ्या, त्यात चिमूटभर काजळी घोटा, म्हणजे काळा रंग निळसर दिसत नाही. सढळ हातानं भरा. अक्षराबाहेर गेला तर जाऊ दे, तिथं कंजूषपणा केला की खाचेच्या तळाशी हवा राहते.

आता तुमची चूक. तुम्ही फडकं बोटांवर घेतलं असणार. बोट मऊ असतं, खाचेत उतरतं आणि रंग उचलून आणतं. लाकडाचा सपाट ठोकळा घ्या आणि त्याला जुन्या चादरीचं फडकं ताणून गुंडाळा. फडक्याला रॉकेलचा नुसता वास लागला पाहिजे, थेंब गळता कामा नये. रंग भरल्यावर लगेच पुसू नका. बोट लावल्यावर चिकटेल पण बोटावर येणार नाही, इतका आळू द्या. मग तिरकं पुसा. दोन दिवस सुकवा. मग बारीक पॉलिश पेपर, तोही ठोकळ्यावरच, एकाच दिशेनं. गोल गोल फिरवलात तर जन्मभर ते वेटोळे दिसतील.

वरचा पारदर्शक लॅकर मला विचारल्याशिवाय मारू नका. एकदा मारला की चूकही आत कोंडली जाते.

लाकडाचं पुढच्या पत्रात. दादाच्या कणकणीला माझा नमस्कार सांगा.

— बारकी

*

२३ फेब्रुवारी

प्रिय बारकीस,

'सौ. वहिनींस' आणि 'तुम्ही'! एवढं बोचलं की पुढचं दोनदा वाचावं लागलं. लग्न होऊन आले तेव्हा माझ्या ताटातलं उचलून खायचीस आणि आज तुम्ही-बिम्ही. असो. माझी पायरी ओळखून राहते.

ठोकळा म्हणजे जादू आहे गं. पहिल्या ओळीवरून तो फिरवला आणि काळ्याकुट्ट पत्र्यातून पितळ वर आलं, त्यात अक्षरं अशी उभी राहिली की मी एकटीच मोठ्यानं 'अगंबाई' म्हणाले. चार दिवसांत सगळी नावं झाली. वेटोळे नाहीत, दोन ठिकाणी थोडं ओरखडलंय, ते तू असतीस तर तुला दिसलं असतं, बाकी कुणाला दिसणार नाही.

पण आता वेगळंच संकट उभं राहिलंय. रंग भरेपर्यंत नावं नीट वाचताच येत नव्हती. नुसत्या पितळेत पितळेची रेघ, कोण मोजायला बसतंय? काळी झाल्यावर मोजली. यादीत अठरा आहेत. पत्र्यावर एकोणीस.

एकोणिसावं नाव होडीवाल्याचं आहे.

तुला ठाऊक नसेल म्हणून सांगते. होडी पंधरा माणसांची. त्या संध्याकाळी शेवटच्या फेरीला पंचवीस बसली होती. अठरा गेली, सात वाचली आणि होडीवालाही तिसऱ्या दिवशी खालच्या अंगाला सापडला. चौकशी झाली, चार जास्तीच्या पैशांसाठी त्यानं माणसं कोंबली असा ठपका ठेवून फाईल बंद झाली. इथं त्याचं नाव कुणी घेत नाही. घेतलं तर थुंकून घेतात. त्याची बायको शिवणकाम करते, तिच्याकडे कपडे टाकणंही लोकांनी सोडलं.

समितीचे अध्यक्ष म्हणजे आमचे कापडवाले शेठ. त्यांचा धाकटा भाऊ त्यात गेला. काल ते काम बघायला आले. खुशीत ओळीवरून बोट फिरवत खाली आले आणि शेवटच्या नावाशी थांबले. म्हणाले, "हे काय आहे?" मग त्या नावावर नख आपटून, "ज्यानं मारलं त्याचं नाव मेलेल्यांच्या खाली? घासून काढा. नाही निघत तर नवा पत्रा करा. तारीख बदलणार नाही."

कोरलेलं नाव पितळेवरून कसं काढायचं, ते लगेच कळव.

तुझी,
वहिनी

*

२७ फेब्रुवारी

वहिनी,

कोरलेलं निघत नाही. सगळा पत्रा त्या खोलीपर्यंत तासावा लागतो आणि मग उरलेल्या अठरा नावांचीही अक्षरं उथळ होतात. फक्त तेवढीच जागा घासलीत तर तिथं खळगा पडेल. उजेड तिरका आला की त्या खळग्याकडेच आधी डोळा जाईल. लपवायला गेलात तर जास्त दिसेल.

पण मला एक सांगा. दादानं आयुष्यात कधी टिंबसुद्धा जास्तीचं कोरलेलं नाही. कोरण्याआधी यादी तीनदा वाचायचा, उलटीकडूनही वाचायचा. त्याच्या हातून अख्खं नाव चुकून पडलं असं तुम्ही मला सांगताय? ते त्यानं मुद्दाम कोरलं. का, ते त्यालाच विचारा. दोन्ही पत्रांत तुम्ही मला विचारताय, त्याला का नाही विचारत?

आणि कणकण महिनाभर राहत नाही. काय लपवताय?

— बारकी

*

३ मार्च

प्रिय बारके,

खोटं बोलले. आता खरं लिहिते.

अठ्ठावीस जानेवारीला सकाळी तुझा भाऊ दुकान उघडायला गेला आणि कुलपाशी खाली बसला. पक्षाघात. उजवी बाजू गेली. वाचा गेली. घशातून आवाज निघतो, पण त्याचा शब्द होत नाही. समजतं सगळं. डॉक्टर म्हणतात, थोडं परत येईल, किती ते सांगता येत नाही. उजवा हात मांडीवर ठेवलाय तसा पडलेला असतो, जणू दुसऱ्या कुणाचा आहे आणि ह्यांना सांभाळायला दिलाय.

तुला का नाही कळवलं? पहिलं कारण, तू दयेपोटी आली असतीस तर ह्यांना सोसलं नसतं. दुसरं कारण खरं. तू कळूनही आली नाहीस तर मला सोसलं नसतं. म्हणून म्हटलं, कामाचं निमित्त करावं. कामाला तू नाही म्हणायची नाहीस.

नाव का कोरलंत, हे मी विचारलं ना! पत्रा घरात आणून ह्यांच्यापुढे ठेवला. पॉलिश पेपरचा ठोकळा हातात घेऊन म्हटलं, "हे काढायचं आहे." तर ह्यांनी डावा हात पुढे केला आणि त्या नावावर पालथा ठेवला. मी हात उचलून बाजूला केला, परत ठेवला. तीनदा. नंतर बघते तर डोळ्यांतून पाणी. मी ठोकळा खाली ठेवला. तेव्हापासून रोज पत्रा समोर लागतो आणि रोज हात तिथंच. तिथलं पितळ घामानं काळवंडायला लागलंय.

मला काही उमगत नाही. त्या होडीवाल्याशी ह्यांचं नातं नाही, गोतं नाही. अपघात झाला त्या दिवशी हे पत्रा खरेदीला म्हणून बाहेर गेले होते, रिकाम्या हातानं परत आले, चिंब भिजून. म्हणाले, धक्क्यावर लोकांना बाहेर काढायला उतरलो होतो. त्यानंतर पंधरा दिवस नीट जेवले नाहीत. मला वाटलं, माणसानं एवढी प्रेतं बघितल्यावर दुसरं काय होणार?

तुला काही माहीत असेल असं नाही. पण दुसऱ्या कुणाशी बोलणार?

तुझी,
वहिनी

*

७ मार्च

वहिनी,

तुझं पत्र काल दुपारी आलं. मी कारखान्यात होते. तिथंच लाकडाच्या भुशात बसले.

आता माझंही खरं ऐक. गेल्या नोव्हेंबरात दादाचं मला पत्र आलं होतं. पाकिटावरचं अक्षर बघितलं आणि म्हटलं, आली का अकरा वर्षांनी आठवण? माफी मागत असेल. मागू दे. बघू दे वाट. न फोडता खणात टाकलं, पॉलिश पेपरच्या गठ्ठ्याखाली. चार महिने तिथं होतं. काल फोडलं.

मूळ पत्र सोबत पाठवते आहे. एकटी असताना वाच.

*

२ नोव्हेंबर

चि. बारकीस,

दादाचे आशीर्वाद. घेशील की नाही, माहीत नाही.

सतरा ऑक्टोबरला मी तुझ्या गावी आलो होतो. घरी पत्रा आणायला जातो म्हणून सांगितलं. तुझ्या कारखान्याच्या फाटकासमोर तासभर उभा होतो. तू बाहेर आलीस. हाताला मनगटापर्यंत रंग होता, एका बाईशी बोलताना मान मागे टाकून हसत होतीस. मला हाक मारवली नाही. म्हटलं, आपण गेलो की हे हसू थांबेल. तसाच परत फिरलो.

नदीशी पोचलो तेव्हा शेवटची फेरी सुटत होती. होडी भरलेली होती. होडीवाला वल्ह्यानं लोकांना मागे सारत होता, "बास, बास, आता एकही नको, सकाळी या," म्हणत होता. तरी एकेक जण चढतच होता. मी गुडघाभर पाण्यात जाऊन होडीची कड धरली. तो म्हणाला, "काका, सोडा. नाही झेपणार." मला घरी जायचं होतं, दुसरं काही सुचत नव्हतं. मी म्हणालो, "अरे, एका माणसानं काय होडी बुडते का?" लोक हसले. कुणी तरी हात देऊन मला वर घेतलं. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मोटर चालू केली.

मी पंचविसावा.

मधोमध ती कलली. मला पोहता येत नाही, तुला माहीत आहे. त्यानं मला बखोटीला धरून उलट्या होडीच्या पाठीवर फेकलं. मग परत खाली गेला. तीनदा वर आला, दर वेळी कुणाला तरी घेऊन. चौथ्यांदा आला नाही.

आम्ही सात जण वाचलो. त्यानं वाचवलं हे सांगायचं तर तो नको म्हणत होता हेही सांगावं लागेल. म्हणून कुणीच काही सांगत नाही. बाजारात एकमेकांना दिसलो तर रस्ता बदलतो. चौकशीला साहेब आले होते, मी गेलो नाही. सगळं त्याच्यावर ढकलून मोकळे झाले. तुझ्या वहिनीलाही सांगितलेलं नाही; अंधारात भिजलेल्यांच्या गर्दीत होडीतला कोण नि काढायला उतरलेला कोण, हे तिला कुठून कळणार?

लहानपणी माझ्या हातून काही फुटलं की तू आधी म्हणायचीस, 'दादा, सांगून टाक.' आता तेच विचारतो. सांगू का? तुझं पत्र आलं की त्याप्रमाणे करेन.

दुकानात त्या दिवशी जे बोललो, ते चूक होतं. हे याच्याआधी लिहायला हवं होतं.

— दादा

*

(७ मार्च, पुढे)

वाचलंस ना? तो माझ्या उत्तराची वाट बघत तीन महिने बसला आणि मी त्याला धडा शिकवत होते. उत्तर आलं नाही तेव्हा त्यानं जे येत होतं ते केलं. तोंडानं जमलं नाही ते कोरून ठेवलं.

आता माझं मत विचारशील तर पत्र जाळून टाक. नवा पत्रा करायला दे, अठरा नावांचा. त्याच्या वाटणीची शिक्षा त्याला मिळाली, उरलेली मी घेते. तो बोलू शकत नाही, भांडू शकत नाही, त्याच्या तोंडावर लोक काय काय बोलतील आणि तो नुसता ऐकत बसेल, हे मला सहन होत नाही. पण त्या गावात तुला राहायचंय. तू करशील ते खरं.

बारकी

*

१३ मार्च

प्रिय बारके,

पत्र जाळलं नाही. रागावू नकोस.

आधी ह्यांना वाचून दाखवलं. हे डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर मी विचारलं, "हे सगळ्यांना वाचून दाखवू?" ह्यांनी डाव्या हातानं कागद माझ्याकडे सरकवला. मला बरोबर समजलंय ना, असं मी परत परत विचारलं, तर चिडून दुसऱ्यांदा सरकवला. अजून तोच माणूस आहे गं, एकदा सांगितलेलं पुन्हा सांगायचा कंटाळा.

समितीकडे जाण्याआधी होडीवाल्याच्या बायकोकडे गेले. तिच्याआधी गावाला कळणं बरोबर नव्हतं. तिच्या खोलीत शिलाईचं मशीन, त्यावर झाकण, झाकणावर धूळ. मी वाचायला सुरुवात केली तर म्हणाली, "मला वाचता येतं. द्या." दोनदा वाचलं. मला वाटलं, आता अंगावर येईल किंवा रडेल. तर ती एकाच ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "नको म्हणाला होता." मग पुन्हा, जरा मोठ्यानं, "तो नको म्हणाला होता." मी मान हलवली. ती म्हणाली, "पाच महिने मी त्याच्याशी मनात भांडते आहे, की तू एवढा हावरट कधी झालास?"

मी हात जोडले. तिनं ते बघितले आणि दार उघडून उभी राहिली. मी उठून आले.

काल शाळेच्या हॉलमध्ये समितीची बैठक होती. चाळीसेक माणसं. मी उभी राहून पत्र वाचायला लागले. आवाज, देव जाणे कुठून, नीट निघाला. 'एका माणसानं काय होडी बुडते का' हे वाक्य आलं तेव्हा पुढच्या बाकावरची एक म्हातारी किंचाळली. तिची सून आणि नातू त्यात गेलेत. मी थांबले. ती ओरडली, "थांबतेस कशाला? वाच!" वाचलं शेवटपर्यंत.

मागून शाळेचे चित्रकला मास्तर उभे राहिले. तेही त्या सातांतले. म्हणाले, "मी बाविसावा की तेविसावा होतो. मला कुणी हात दिला नाही, मी उडी मारून चढलो." आणि बसले. मग आणखी एक बाई उभी राहिली, तिला बोलवेना, नुसती उभी राहिली. सातांपैकी तिघं आले नव्हते. एक जण आले होते, ते उठून गेले.

कापडवाले शेठ टेबलाकडे बघत होते. म्हणाले, "माझा भाऊ कितवा होता?" मास्तर म्हणाले, "आठवत नाही, शेठ. पण काकांना हात त्यानंच दिला." शेठ टोपी उचलून बाहेर गेले.

आज सकाळी त्यांचा निरोप आला. पत्रा आहे तसा राहू दे.

पण सगळं गोड झालं असं समजू नकोस. ती म्हातारी आज आमच्या दारावरून गेली, मी 'या' म्हटलं तर बघितलंही नाही. तिचं बरोबर आहे. दोन पाट्यांची कामं लोकांनी परत नेली. तेही बरोबरच म्हणायचं.

एवढं झाल्यावर आता ही पाटी माझ्या हातून तयार व्हावी असं मला वाटत नाही. ती चांगली झाली पाहिजे, माझ्यासारखी दोन ओरखडे टाकून नाही.

तुझी,
वहिनी

*

१६ मार्च

वहिनी,

चार ओळी लिहिते, पोस्ट निघायची वेळ झाली.

लाकडासाठी चपडा लाख आणून स्पिरिटमध्ये भिजत घाल, पातळ. पितळेला तू काही लावू नकोस. दादाच्या हाताखालून पत्रा काढून घे, तो रुसला तर रुसू दे. सुती कापसाचे बोळे कर, मुठीएवढे, दहा-बारा.

मला पंधरा दिवसांची रजा मिळाली आहे. वीस तारखेला येते. स्टेशनवर कुणाला पाठवू नकोस, रस्ता विसरलेले नाही.

आणि हो, तू केलंस ते बरोबर केलंस. मी सांगितलं होतं ते घाबरून.

बारकी

*

१० एप्रिल

प्रिय बारके,

तू गेल्यापासून घरात रॉकेलचा वास कमी झाला आणि ह्यांची कुरकुर वाढली. तू भरवताना निमूट खायचे, मी भरवलं की तोंड फिरवतात. पहिल्या दिवशी तुम्ही दोघं पाऊण तास एकमेकांकडे न बघता बसला होतात आणि मग तू एकदम म्हणालीस, "दादा, ही लाट उथळ कोरलीयेस," तेव्हा ह्यांच्या घशातून जो आवाज निघाला, त्याला मी हसू म्हणते. डॉक्टर काही का म्हणेनात.

दोन दिवस आणखी थांबली असतीस तर पाटी बसताना बघितली असतीस. रजा संपली त्याला इलाज नाही. म्हणून सगळं लिहिते.

सकाळी नऊला धक्क्यावर नेली. उघडी केली तेव्हा ऊन समोरून होतं. मी तुझ्या कामाची स्तुती करणार नाही, तुला खोटी वाटते. लोक काय म्हणाले ते सांगते. सागाच्या कडेच्या लाटांत तू निळा भरून पुसून टाकलास, परत भरलास, परत पुसलास, मला वाटत होतं की ही रंग वाया घालवते आहे. तिथं एक मच्छीवाला आपल्या बायकोला सांगत होता, "बघ, पाणी वरवर निळं आणि खाली काळपट. ज्यानं केलंय त्यानं नदी बघितली आहे." मी म्हटलं, ज्यानं नाही, जिनं. लाख आधी मारल्यामुळे रंग रेषांत कुठंच पसरला नाही. त्या शेवटच्या नावावरचा ह्यांच्या हाताचा डाग काढायला तुला दीड दिवस लागला, तो कुठं होता ते मलाही आता सापडत नाही. लॅकरखाली एकोणीस ओळी एकसारख्या दिसतात.

ह्यांना खुर्चीत बसवून नेलं होतं. तू नको म्हणाली होतीस, पण ह्यांनी सकाळपासून चपलेकडे बोट दाखवून डोकं खाल्लं. लोक येत होते, पाटी बघत होते, मग ह्यांच्याकडे बघत होते. काही जणांनी मान हलवली. काही जण लांबून वळून गेले. एक तरुण मुलगा समोर येऊन उभा राहिला, त्याचे वडील गेलेत. बराच वेळ उभा राहिला. ह्यांनी मान खाली घातली नाही. मला घालावीशी वाटली, पण हे घालत नाहीत म्हटल्यावर मी कशी घालणार?

होडीवाल्याची बायको सगळ्यांत शेवटी आली. लोकांनी वाट करून दिली. आधी ह्यांच्या खुर्चीशी थांबली. म्हणाली, "राग आहे माझा तुमच्यावर. तो राहील." ह्यांनी डावा हात छातीवर ठेवला. ती म्हणाली, "पण तुम्ही लिहिलंत. बाकीच्यांनी तेवढंही केलं नाही." मग पाटीपाशी गेली. वरून एकेक नाव वाचत आली, ओठ हलवत, अठराही. सगळ्यांची नावं तिला माहीत होती गं. शेवटचं मनातल्या मनात वाचलं.

कापडवाले शेठ तिच्या मागे येऊन उभे होते. त्यांचा चेहरा या महिन्यात पार उतरलाय. खाकरले आणि म्हणाले, "बाई, हे नाव असं अगदी तळाला गेलंय, ते मला बरं वाटत नाही. लोकांना वाटेल, नाइलाजानं घातलंय. तुम्ही म्हणाल तर दुसरा पत्रा करून घेतो. नाव वर घेऊ."

तिनं मागे वळून बघितलंही नाही. पाटीकडे बघतच म्हणाली, "राहू द्या, शेठ. होडीवाला सगळ्यांत शेवटीच उतरतो."

तुझी,
वहिनी